मांडीवरचा दोरा

“राधाबाई, थांबा! हात कुठे गेला बघा!”

सुनीतीबाई नर्स ओरडली तशी राधाबाईने खाली पाहिलं. उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढलेला पांढरा दोरा तिच्या उघड्या मांडीवर होता आणि उजवा तळवा त्याच्यावरून सरसर फिरत होता. पीळ मात्र असा सुरेख बसला होता की बघत राहावं.

“शिरा पडो ह्या हातार!” राधाबाई म्हणाली.

शाळेच्या पडवीत चटईवर बसलेल्या बाकीच्या पाचजणी पदर तोंडाला लावून हसल्या. लक्ष्मी तर मागच्या भिंतीलाच टेकली. “गो राधा, नाळ बांधूची आसा, जाळां विणूचा नाय!”

अठ्ठावन्न सालची गोष्ट. आचऱ्यात सरकारने सुइणींसाठी महिनाभराचा वर्ग काढला होता. शेवटी परीक्षा, आणि जी पास होईल तिला पत्र्याचा चकचकीत डबा. त्यात कात्री, साबण, नखं घासायचा ब्रश, वाटी आणि जंतुनाशकाची बाटली. सगळ्या सुइणी साठीच्या आसपासच्या, एकीलाही अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या डब्यावर सगळ्यांचा डोळा होता.

राधाबाई तांडेल त्यांच्यात सर्वांत हुशार. नखं कापायची, कोपरापर्यंत हात साबणाने घासायचे, कात्री पाण्यात पुरी बुडवून उकळायची, उकळलेल्या वस्तूला पदर लावायचा नाही, हे सगळं तिने चार दिवसांत उचललं. बांगड्याचा वास जाईस्तोवर हात कसे घासायचे हे दर्यावरच्या बाईला कोण शिकवणार? अडत होतं ते दोऱ्यापाशी. वयाच्या सातव्या वर्षापासून ती जाळ्याचं सूत मांडीवर वळत आली होती. दोरा हातात आला की हात मांडीवर जायचा, आणि टोक जिभेवर. ती विचार करण्याआधीच जायचा.

“पीळ आधी घाला, मग उकळा,” सुनीतीबाई पुन्हा पुन्हा सांगायची. वय चोवीस, आवाज शाळामास्तरणीचा. “उकळल्यावर फक्त गाठ. मांडीवर जंतू असतात, राधाबाई. दिसत नाहीत इतकंच.”

“जा दिसना नाय, त्येका हात भितलो कसो?”

सुनीतीबाईने चिमटा पुन्हा तिच्या हातात दिला. “शुक्रवारी परीक्षा,” ती एवढंच म्हणाली. “त्यानंतर मला डबा देता येणार नाही.”

राधाबाईच्या हातून गावातली दोनेकशे पोरं जन्मली होती, तिला डबा नसता मिळाला म्हणून कोणी दारातून परतवलं नसतं. पण घरात सून होती. कावेरी कुडाळच्या मास्तरांची मुलगी, सातवी शिकलेली, मोजकं बोलणारी. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा राधाबाईनेच काढला होता. गुटगुटीत, लालबुंद. सातव्या दिवशी त्याने दूध सोडलं, आठव्या दिवशी अंग धनुष्यासारखं ताणलं आणि नवव्या दिवशी गेला. सटवीने नेला, असं सगळा गाव म्हणाला. कावेरी काहीच म्हणाली नव्हती. आता तिला पुन्हा सातवा लागला होता, आणि वर्ग सुरू झाला त्याच रात्री तिने सासूला पेज वाढता वाढता सांगितलं होतं, “आये, पास होऊन डबो घेऊन इलात तर बाळंतपण तुमीच करा. नायतर मी मालवणाक दवाखान्यात जातलंय.”

वर्गात धनुर्वाताचा धडा झाला त्या दिवशी राधाबाई सगळ्यांच्या मागे थांबली होती. विळ्याचं पातं, मांडीवर वळलेला दोरा, त्यातून नाळेत जाणारी घाण, सगळं तिने ऐकलं होतं.

“बाये, मगे आमच्या कावेरीच्या पयल्याचा... ता माझ्याच हातान?”

सुनीतीबाईने तिचे हात धरले. “तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, राधाबाई.”

राधाबाईला कळायचं ते कळलं.

म्हणून त्या सोमवारी घरी आल्याबरोबर तिने चुलीवरचा टोप पालथा केला, बुडाची काजळी बोटांवर घेतली आणि काष्टा वर ओढून मांडीला फासली. अंगणात जाळं सांधत बसलेल्या हरिश्चंद्राच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातातली सुई थांबली.

“गो, काजळ डोळ्याक घालतत. ह्या वयात कोणाक भुलवतलस?”

“तुका भुलवून झाली चाळीस वर्सां. गप रव आणि हयसर बघ. दोरो काळो झालो की सांग.”

दोरा काळा झाला. दुसरा काढला, तोही काळा. दहा झाले.

“काळो!” हरिश्चंद्र दर वेळी ओरडायचा. त्याला भलतीच मजा यायला लागली होती. “काळो! ह्यो तर कावळोच! गो, पण तू अशी सुधारलंस तर माझा सूत कोण वळतलो?”

“तुझ्या मांड्यो काय खारवून ठेवलंस?”

आतून कावेरीचं हसणं ऐकू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग राधाबाईने अकरावा दोरा काढला.

मंगळवारी विसातले बारा काळे. बुधवारी पाच. गुरुवारी संध्याकाळी हात मांडीच्या वर वीतभर येऊन थांबला, माशावर घिरट्या घालणाऱ्या घारीसारखा घुटमळला आणि आपणच मागे फिरला.

शुक्रवारी सुनीतीबाईची नजर पहिल्यांदा गेली ती काळ्याकुट्ट मांडीवर. “हे काय लावलंय?”

“जंतू,” राधाबाई म्हणाली. “तुझे दिसनत नाय, म्हणान मी माझे केले.”

तिने चिमट्याने दोरा उचलला, गाठ मारली आणि दोरा समोर धरला. पांढराशुभ्र. सुनीतीबाईने वाकून तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मग तिने शिपायाला शाळेच्या चुलीवरचा टोप आणायला पिटाळलं. पुढच्या घटकेला साठीच्या पाच बायका काष्टे वर ओढून, काजळी फासून बसल्या होत्या आणि पडवीत असा कल्लोळ उसळला की शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी खिडकी लावून घेतली. डबा राधाबाईला मिळाला. पुढे सुनीतीबाई ज्या ज्या गावात वर्ग घ्यायला गेली, तिथे पहिल्या दिवशी काजळी मागायची आणि म्हणायची, “ही आचऱ्याच्या राधाबाईंची रीत.”

मार्गशीर्षात, भर दुपारी, कावेरी मोकळी झाली. मुलगी. राधाबाईने कात्री उचलली, दोरा उचलला. हात खाली निघाला. घामाने निथळलेल्या कावेरीने मान उचलली. ती बाळाकडे बघत नव्हती, त्या हाताकडे बघत होती. हात थांबला. राधाबाईने गाठ मारली आणि कावेरीने डोकं खाली टेकलं.

मग दिवस मोजणं आलं. सातवा दिवस उजाडला. लवू, कावेरीचा नवरा, होडीवर गेलाच नाही, उगाच माडांना पाणी घालत राहिला.

आठव्या दिवशी सकाळी खोलीतून कावेरीची हाक आली. “आये, बेगीन या! सकाळपासून प्यावक नाय. तोंड उघडीत नाय!”

राधाबाई चुलीवरची पेज तशीच टाकून उठली. पण ती आधी न्हाणीकडे वळली. साबण लावला, कोपरापर्यंत घासलं, नखं घासली, ऊन पाणी ओतलं. मग आत जाऊन तिने करंगळी बाळाच्या मिटल्या ओठांवर टेकवली.

पहिल्या नातवाच्या आवळलेल्या जबड्यात ही करंगळी शिरली नव्हती. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ओठ हलले. मऊ हिरड्या उघडल्या, करंगळीवर मिटल्या आणि बाळाने जी ओढ घेतली ती थेट खांद्यापर्यंत पोचली.

“झोपलली गो,” राधाबाई म्हणाली. “पयाटे पोटभर प्याली आसतली, सुस्त झोपलली.”

कावेरी रडत होती की हसत होती, सांगणं कठीण. तिने बाळ पदराखाली घ्यायला हात पुढे केले, आणि सासूचा चेहरा बघून तसेच मागे घेतले.

“गो, पेज उतू जाता!” बाहेरून हरिश्चंद्र ओरडला.

“जावंदे,” राधाबाई म्हणाली आणि तिने करंगळी तिथेच ठेवली.