आठव्या सिलिंडरमधलं लायनर

पन्नास वर्षं मी एकच फुशारकी मारत आलो. उन्हाळ्यात इथे मिशिगनमध्ये सॅगिनॉच्या आसपास जिथे जिथे जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो, तिथे माझ्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीच्या काचेवर एक पुठ्ठा लावलेला असतो: 'इंजिन मूळचं. मालकाशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.' लोक वाचतात, माना डोलावतात, आणि मी, म्हणजे मालक लिओन वास्को, खुर्चीत बसून पाय पसरतो.

गेल्या वर्षी त्या इंजिनाने निळा धूर ओकायला सुरुवात केली. उघडण्यावाचून इलाज नव्हता. माझी मुलगी कॉरिन चाळिशीची आहे आणि रविवारी शर्यतीच्या पट्टीवर गाड्या पळवते. तिचं म्हणणं, सगळे सिलिंडर बोअर करून मोठे करू, मोठे पिस्टन घालू, मग बघ ही कशी सुटते ते. माझं म्हणणं, नुसतं होनिंग करायचं, आतून हलका हात फिरवायचा, पिस्टनला नव्या रिंगा घालायच्या आणि इंजिन कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं. महिनाभर जेवणाच्या टेबलावर आमची जुंपायची. शेवटी मीच नमतं घेतलं. मी चौऱ्याहत्तरचा, गाडी यापुढे तीच चालवणार. म्हटलं, कर बाई, बोअर कर, दिला शब्द.

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे आठही सिलिंडर असलेला ओतीव सांगाडा, नॉर्मा राइनबोल्डच्या मशीन शॉपमध्ये नेऊन टाकला. नॉर्मा साठीची आहे. तिच्या जिभेला हाड नाही, तरी गिऱ्हाईक परत येतं ते केवळ तिच्या कामामुळे. आठवड्याने तिचा फोन आला. दोघं या, म्हणाली, आणि येताना तो पुठ्ठापण घेऊन ये.

तिने ब्लॉक टेबलावर उलटा ठेवला होता. आठव्या सिलिंडरवर दिवा धरून ती म्हणाली, बघ. आत लायनर होतं. म्हणजे कधीतरी तो सिलिंडर फुटला होता, कुणीतरी तो मोठा करून आत पातळ नळी बसवली होती आणि घासून घासून ती बरोबर मूळ मापाला आणली होती. मी म्हटलं, शक्यच नाही, दुसऱ्याच कुणाचा ब्लॉक असेल.

"तुझाच आहे, नंबर दोनदा ताडून पाहिला," नॉर्मा म्हणाली. "बर्फाने फुटलाय. आत साधं पाणी राहिलं असणार. पण हे ज्याने बसवलंय ना, त्याच्या हाताखाली मी फुकट राबले असते. खालच्या कडेला बघ."

इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी ठशाने ठोकलेलं होतं: ई. व्ही., २-७२.

मी जवळचं स्टूल ओढलं आणि बसलो. एमिल वास्को, माझे वडील. इंजिनांच्या कारखान्यात टूलरूममध्ये, जिथे हत्यारं आणि साचे घडवतात तिथे, त्यांनी तीस वर्षं काढली. तिथल्या प्रत्येक कारागिराचा स्वतःचा ठसा असायचा, आणि मनासारखं काम झालं की तो दिसणार नाही अशा जागी मारायची पद्धत होती. पण माझी गाडी बाबांना डोळ्यांसमोर नको असायची. मी ती घरी आणली त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, या गाडीला मी बोट लावणार नाही. ते अठ्ठ्याऐंशी साली गेले, पण ते वाक्य मी त्यानंतरही मनातून जाऊ दिलं नाही.

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. तरुणपणी मीही पट्टीवर ही गाडी पळवायचो. तिथे थंडीत न गोठणारं कूलंट चालत नाही, सांडलं तर मागच्याची चाकं घसरतात. म्हणून आम्ही सगळेच साधं पाणी भरून पळवायचो. एकाहत्तरच्या ऑक्टोबरात मी शेवटची शर्यत पळवली, आठवडाभरात लष्करात रुजू झालो, आणि पाणी आत तसंच राहिलं. मिशिगनच्या हिवाळ्यात! एवढा गाढवपणा करूनही दोन वर्षांनी परत आलो, तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आत हिरवंगार कूलंट होतं. मला वाटलं, जाताना मीच भरलं असेल.

बाबा तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. शेगडी नसलेल्या गॅरेजमध्ये, ऐन फेब्रुवारीत, त्यांनी साखळीने एकट्याने ते इंजिन वर काढलं असणार. आणि वर कहर म्हणजे, मला पत्ता लागू नये म्हणून प्रत्येक बोल्टच्या डोक्याला पुन्हा कारखान्यासारखाच नारिंगी रंग दिला होता. नॉर्माने एका बोल्टवरचे रंगाचे दोन थर नखाने खरवडून दाखवले.

त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला आणखी एक आठवलं. मी परत आलो त्या दिवशी ते गॅरेजमध्ये आले होते. इंजिन चालू असताना त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकत राहिले. मला वाटलं, खोट काढतायत. मी म्हटलं, हात काढा, बोट लावणार नव्हतात ना? ते "ठीक आहे" एवढंच म्हणाले आणि घरात गेले. उजवीकडे सगळ्यात मागे आठवा सिलिंडर असतो.

हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. नॉर्माने फडक्याला हात पुसले आणि ती कामाचं बोलली. कॉरिनला हवं तेवढं बोअर केलं तर या लायनरची भिंत कागदासारखी होईल. ते दाबून बाहेर काढायचं आणि नवं बसवायचं, काही अवघड नाही. होनिंग केलं तर हे राहील. मग गाडी थोडं तेल खाईल, आणि शर्यत जिंकण्याचं विसरा.

मी कॉरिनकडे बघितलं. शब्द तर देऊन बसलो होतो, आता परत घ्यायचा कुठल्या तोंडाने? ती वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती.

"आजोबांनी एवढं केलं," ती म्हणाली, "आणि तू त्यांना हात काढा म्हणालास?"

"म्हणालो."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस, बाबा? होनिंग करून घे. शर्यतीसाठी मी दुसरा ब्लॉक शोधते."

मी तिचे आभार मानायला गेलो, तर तिने हातानेच उडवून लावलं. नॉर्माने माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मे महिन्यात इंजिन गाडीत बसलं. नव्या पुठ्ठ्यावर मी लिहिलंय: 'इंजिन मूळचं. आठवा सिलिंडर एमिल वास्को यांनी वाचवला, फेब्रुवारी १९७२. मालकाला पत्ता नव्हता.' मेळाव्यात लोक आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

पण त्याआधी, पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी, किल्ली कॉरिनच्या हातात होती. इंजिनाने आवाज धरल्यावर मी बाबांचा लांब स्क्रू-ड्रायव्हर उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यावर टेकवला आणि मूठ कानाला लावली. आठवा बाकीच्या सातांसारखाच चालत होता. त्या दिवशी त्यांनी एवढंच ऐकलं असणार. मी डोळे मिटले, "ठीक आहे" म्हणालो, आणि मग त्यांची माफी मागितली, आभार मानले, सगळं मोठ्याने. इंजिनाच्या घरघरीत कॉरिनला ते ऐकू गेलं नसावं. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, काही बिघडलंय का, आणि मी हाताने नाही म्हणून सांगितलं.