चंद्राभोवती फिरणारा छर्रा

मी बोलतोय, पण जरा दमानं घ्या. आयुष्यभर गोल गोल फिरून अंगात त्राण उरलेलं नाही.

मी एक लोखंडी छर्रा, बोराएवढा. काशीगावच्या गॅरेजात जुनी बेअरिंग फुटली आणि मी भंगारात पडलो. तिथून कमळाकर गुरुजींनी मला उचलून भाईंदरच्या शाळेत आणलं. वाटलं, सुटलो, आता निवांत पडून राहू. कसलं काय! त्यांनी मला जाळीच्या तुकड्यात बांधून छताला टांगलं. खाली टेबलावर कागदाच्या लगद्याचा चंद्र, आणि मी त्याचा उपग्रह.

"एकदा फिरायला लागला की फिरतच राहतो," असं म्हणून गुरुजी दरवर्षी मला ढकलायचे. चंद्राला ओढ असावी म्हणून त्यांनी आत लोहचुंबक बसवलं होतं, पण लगदा वाळताना ते एका कडेला सरकलं. तीन-चार फेऱ्यांत मी तिकडे खेचला जायचो. आदळणार एवढ्यात गुरुजी मला अलगद झेलायचे आणि विचारायचे, "समजलं ना?" सगळी मुलं माना डोलवायची. माणसांना ही सवय लहानपणीच लागते.

सातवीतल्या शालूने मान डोलवली नाही. "गुरुजी, या चंद्राच्या पोटात एका अंगाला जोर हाय. तुम्ही झेलता म्हणून छर्रा पडत न्हाय."

"खाली बस," गुरुजी म्हणाले. वार्षिक परीक्षेत तिने तेच लिहिलं: चंद्राभोवतीचा उपग्रह पडू शकतो. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली. बहात्तरच्या जूनमध्ये शाळा उघडली, पण शालू आली नाही.

त्याच सुमारास पेपरात बातमी आली. चंद्राभोवती सोडलेला एक छोटा उपग्रह महिना-सव्वा महिन्यातच कोसळला होता. चंद्राच्या पोटात जड गाठी आहेत, त्यामुळे त्याची ओढ सगळीकडे सारखी नाही, असं लिहिलं होतं. गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग चंद्र काखेत मारला, मला खिशात टाकलं आणि कोळीवाडा गाठला.

शालूची आई शेवंती जाळ्याला शिसं बांधत बसली होती, शेजारी शालू. गुरुजींनी चंद्र खाली ठेवला, मला वर आढ्याला बांधून ढकललं आणि हात पाठीमागे घेतले. मी मुकाट्याने आदळलो. ठक्!

"शालू, तुझं बरोबर होतं. चूक माझी," गुरुजी म्हणाले.

शेवंती हसली. "शिसं एकाच जागी जादा झालं का जालं तिकडंच जातंय, गुरुजी. पोरीनं तेच सांगितलंन."

शालू उठली. तिने मला वेगवेगळ्या बाजूंनी सोडून पाहिलं. किती वेळा आदळलो, विचारू नका. शेवटी एका तिरक्या बाजूने सोडल्यावर मी न आदळता फिरलो, फिरून फिरून मंदावलो तरी चंद्राला शिवलो नाही. तिने चंद्रावर त्या बाजूला खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी चंद्र तीच शाळेत घेऊन आली.

आता अठ्ठ्याहत्तर साल आहे. गुरुजी निवृत्त झाले, शालू ठाण्याला कॉलेजात जाते. माझी जाळी विरलीय, अंगावर गंज चढलाय. तरी खुशाल ढकला मला, दमलो असलो तरी फिरेन. फक्त मध्ये हात घालू नका. गुरुजींनी मला आयुष्यात एकदाच आदळू दिलं, आणि शालू शाळेत परत आली.