उरलेलं आवण

मोजणीवाल्या साहेबांनी बांधावर उभं राहून नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "अर्जदार कोण?"

"मी," नामा छाती काढून म्हणाला.

शेणवे गावाच्या अलीकडचं ते एवढंसं भाताचं खाचर. वाशिंदच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाची तेवढीच काय ती जमीन. वरच्या अंगाला बारकूचं खाचर आणि मधे बांध. तो बांध बारकूने कोरला, असं नामा नऊ वर्षं भेटेल त्याला सांगत आला होता. "मोजणी आणतो, मग बघा," हेही नऊ वर्षं सांगत होता. अर्ज मात्र केला तो गेल्या वर्षी, रिटायर झाल्यावर. नुसतं ओरडायला मोजणी लागत नाही.

आज मोजणी आली आणि बारकू नव्हता. महिन्यापूर्वी भाताची झोडणी चालू असताना तो खळ्यावर टेकला, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेला. नामा मयताला गेला, पण रस्त्यापर्यंतच. मोजणीआधी त्याच्या दारात जाणार नाही, असं त्याने लोकांना सांगितलं. खरं म्हणजे त्या अंगणात शिरायचं त्याच्यात धाडस नव्हतं.

दोघं एका पाटीवर शिकलेले आणि एकाच सावडीतले. आज सगळ्यांनी मिळून तुझी लावणी करायची, उद्या माझी. नामा कारखान्यात लागल्यावर त्याच्या वाटणीचा नांगरही बारकूनेच धरला. नामा हे विसरला होता असं नाही. आठवायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

बिनसलं ते एका लावणीच्या दिवशी. त्या वर्षी कारखान्यात जादा पाळ्या होत्या, म्हणून बी पेरून गेलेला नामा जूनभर गावाकडे फिरकलाच नाही. लावणीला आला तर बांधावर ताजी माती. त्यात आवण उरलं. आवण म्हणजे राबात, रोपांच्या वाफ्यात, वाढवून लावणीसाठी उपटलेली भाताची रोपं, आणि आमच्याकडे शेत किती मोठं ते किती मुठी आवण लागलं यावरून सांगतात. नामाच्या खाचराला बापाच्या वेळेपासून साठ मुठी लागायच्या. त्या दिवशी चाळीस मुठींत लावणी संपली. नामा उरलेल्या वीस मुठींकडे बघत उभा होता, तोच वरून बारकू चिखलाच्या पायांनी उतरला.

"नामा, माझं आवण कमी पडलं रे. उरलंय ते दे."

"माझं उरलं नि तुझं कमी पडलं," नामा म्हणाला. "बांध खाल्लास तू माझा."

सगळी सावड चिखलात हात तसेच ठेवून बघत राहिली. "मोजून घे," एवढंच म्हणून बारकू वर गेला. त्या वीस मुठी नामाने बांधावर टाकल्या आणि पार पिवळ्या पडेपर्यंत तिथेच राहू दिल्या. बारकूच्या खाचराचा एक कोपरा कापणीपर्यंत रिकामा राहिला. तो रिकामा कोपरा बघून नामाला बरं वाटायचं. हे त्याने कधी बायकोलाही सांगितलं नाही.

साहेबांनी यंत्र मांडलं. त्यांचा माणूस काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. दोन ठिकाणी चुन्याचे ठिपके पडले आणि नामाने बघितलं, तर ते बांधावर नव्हतेच. बांधाच्या खाली, त्याच्याच खाचरात होते.

"बांध सरकलाय हे बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "पण तो त्यांच्या जागेत सरकलाय. सगळीकडे चार फूट. जादा जमीन तुमच्याकडे आहे, काका."

नामा ठिपक्यांपाशी जाऊन उभा राहिला. "परत एकदा बघा साहेब." साहेबांनी परत बघितलं. चार फूटच.

बारकूची बायको गुणाबाई पलीकडे ऐनाच्या झाडाखाली उभी होती. लगतची खातेदार म्हणून नोटीस आल्यामुळे ती आली होती. ती पुढे झाली.

"त्या वरसाला पानी लय आलं नि बांध फुटून तुमच्या खाचरात आडवा झाला, भावजी. तिथंच परत घालायचा तर तुमचा राब तुडवायला लागला असता. बोटभर रोपं उभी व्हती तुमची. म्हणून ह्यांनी बांध वर घेतला, आमच्या राबावर. आमची निम्मी रोपं गेली मातीखाली. मंग कमी पडलं."

"मग माझं उरलं कसं?" नामाने विचारलं.

"तुमी पयल्यांदा हायब्रीड आणलेलं ना तवा? त्याच्या एका जागी दोन-दोन काड्या लावतात. गावठी लावतो तशी पाच-सहा नाय."

नामाची बायको हौसा मान खाली घालून उभी होती. हे दोन काड्यांचं तिने त्या लावणीच्या संध्याकाळीच सांगितलं होतं, आणि "तुला काय कळतं" म्हणून नामाने तिला गप्प केलं होतं.

"मग बोलला का नाय तो?" नामाने गुणाबाईला विचारलं.

"म्हणले, आता मी सांगून काय उपेग, चोर ठरवून बसलाय तो. मोजणी झाली का कळंल त्याला, मंग येईल." गुणाबाईने पदर सारखा केला. "दर वरसाला इचारायचे, नाम्याची मोजणी आली का गो?"

जी रोपं वाचवायला बारकूने आपली जमीन सोडली, आपला राब गाडला, तीच रोपं त्याने मागितली होती. आणि तीच नामाने त्याच्या डोळ्यांदेखत वाळवली होती.

"वैनी, मी उद्याच बांध मोडून खुणेवर नेतो."

"मोडू नका," गुणाबाई म्हणाली. "त्यांच्या हातचा हाय. ऱ्हाऊ दे."

त्याने पुष्कळ विनवलं. ती ऐकेना. साहेब सह्या घेऊन शहापूरला गेले.

पुढच्या आषाढात नामाने मुद्दाम जास्त राब केला. लावणी उरकल्यावर वीस मुठी मोजून घेतल्या, धुतल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बांध चढून वर गेला. गुणाबाई कोपऱ्यातली शेवटची काडी लावून कंबर सरळ करत होती.

"वैनी, आवण आणलंय."

तिने मुठींकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता.

"औंदा आमचं पुरलं, भावजी."

मुळांमधलं पाणी नामाच्या पायांवर गळत होतं. मुठी बांधावर ठेवायला त्याचा हात होईना.