एमरी बसायचा ती सीट

मी एक जुनी सीट आहे, एका पिकअप गाडीची. मित्रांनो, गाडीच्या सीटला कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. तुमचे म्हणणे अर्धे बरोबरही आहे, कारण माझे खरे आयुष्य गाडी मोडल्यावरच सुरू झाले.

कारखान्यात माझ्या अंगात स्प्रिंगा बसवल्या आणि वर तपकिरी रेक्झिन चढवले. गाडी एका शेतकऱ्याने घेतली. त्याने माझ्यावर बियाण्याची पोती ठेवली, ओले कुत्रे बसवले आणि एकदा आजारी वासरूही निजवले. मी कुरकुर केली नाही, निदान त्याला ऐकू जाईल अशी नाही. पुढे इंजिन गेले आणि गाडी दक्षिण कॅरोलिनातल्या एका गिरणीच्या गावात, हॉयट नावाच्या मिस्त्रीकडे भंगारात आली. हॉयटने गाडीचा एकेक भाग विकून टाकला, पण मला मात्र गॅरेजच्या भिंतीशी पत्र्याच्या सावलीत मांडले.

"चर्चच्या बाकापेक्षा ही बरी," तो म्हणाला. "हिच्यावर डोळा लागला तर कुणी कोपर तरी मारत नाही."

एवढी स्तुती माझी पुन्हा कुणी केली नाही.

दर शनिवारी दुपारी तिथे तीन मित्र जमत. एक हॉयट स्वतः. दुसरा व्हर्नन, तो गवंडी होता आणि गिटार वाजवी. तिसरा एमरी. तो कापडगिरणीत साचाखात्यात माग दुरुस्त करी आणि फिडल, म्हणजे व्हायोलिनच, असे वाजवी की रस्त्याने जाणारे गाडी हळू करत. हॉयट मोठ्या पातेल्यात शेंगा उकडायला ठेवी आणि मग तिघांच्या गप्पा सुरू होत. आपापल्या धंद्याच्या, जुन्या गाण्यांच्या, गावातल्या माणसांच्या. त्याच त्या गप्पा, पण दर वेळी थोड्या वाढवलेल्या.

"चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद मीच बांधला," व्हर्नन सांगे. "शनिवारी काठोकाठ भरून ठेवला. रविवारी बघतो तर पाणी गुडघ्याएवढं. आणि त्या दिवशी बाप्तिस्मा कुणाचा, तर आमच्या बीझलीबाईंचा. पाद्रीबाबांनी बिचारीला बुडवायला आडवी केली, तर निम्मी बाई कोरडीच राहिली."

"मग?" हॉयटला शेवट पाठ होता, तरी तो विचारी.

"मग काय, पाद्रीबाबा म्हणाले, उरलेल्या बाई पुढच्या रविवारी."

"म्हणजे बाई आता निम्म्याच स्वर्गात जाणार," एमरी म्हणे. "आणि गवंड्याला तर दारातच उभा करतील."

एमरीच्या फिडलच्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा होता. आमच्याकडचे जुने वाजवणारे तसा ठेवतात. आवाज मोकळा होतो, असे ते मानतात. फिडल उचलले की आत वाळक्या शेंगेसारखी खसखस होई. मला तो आवाज फार आवडे.

आता गिरणीबद्दल थोडे सांगायला हवे. साचाखात्यात शेकडो माग एकदम खडखडत. तिथे ओरडून काही उपयोग नसे, म्हणून माणसे आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि समोरचा ते वाचे. हॉयट आणि व्हर्नन दोघेही तरुणपणी तिथे राबलेले होते. गावातली निम्मी माणसे चर्चमध्येसुद्धा पाद्रीबाबांच्या पाठीमागे असेच ओठांनी बोलत आणि हसू दाबत. दुसऱ्या एखाद्या गावात कुणी सारखा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत असता, तर लोकांना संशय आला असता. आमच्याकडे सगळेच तसे बघत आणि सगळेच मोठ्याने बोलत.

एमरी नेहमी माझ्यावर बसे आणि त्या दोघांना समोर खोक्यांवर बसवी.

"लाटसाहेब बघा कसे पसरलेत," व्हर्नन म्हणे. "आम्ही खोक्यावर ढुंगण सोलून घ्यायचं."

"फिडलवाल्याला कोपर हलवायला जागा लागते," एमरी उत्तर देई. "तुझं काय, सहा तारा आणि तीन सूर."

खरे कारण मला एका शनिवारी कळले. त्या दिवशी एमरी लवकर आला. बरोबर त्याची बायको लोरीन होती, तीही गिरणीतलीच. ती मक्याच्या पावाचे भांडे मांडीवर घेऊन माझ्यावर बसली आणि त्याच्याशी नुसत्या ओठांनी बोलू लागली. तिचे बोलणे मला कळले नाही. एमरी मात्र तोंडाने बोलत होता आणि आपला आवाज किती चढला आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

"नाही सांगायचं म्हणजे नाही. डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही गेला. गेला तर गेला. हनुवटीच्या हाडातून सूर थोडासा लागतो, तेवढा मला पुरे."

लोरीनने काहीतरी विचारले.

"भले आहेत गं दोघं, म्हणून तर नको. त्यांना दया येईल. व्हर्नन दुसऱ्या शनिवारी गिटार घरी ठेवून येईल. बहिऱ्यापुढे कोण वाजवणार? आठवडाभर मी या एका दुपारसाठी जगतो, लोरीन. ती मला राहू दे."

लोरीनने मान हलवली आणि डोळे पुसले. मला फार वाईट वाटले. पण सीटने कुणाला काय सांगावे?

त्याच उन्हाळ्यात व्हर्ननला खोडी सुचली. एमरी शेंगा आणायला उठला तेव्हा त्याने फिडल उलटे करून हलवले, आतला खुळखुळा बाहेर पाडला आणि खिशात टाकला. हॉयटला डोळा मारला. आता हा फिडल उचलेल, खसखस येणार नाही आणि हा आपल्याला शिव्यांची लाखोली वाहील, या आशेने दोघे दबा धरून बसले. एमरीने फिडल उचलले, हनुवटीखाली धरले आणि दुपारभर वाजवत राहिला. एका शब्दाने काही बोलला नाही.

"पक्का आहे हा," तो गेल्यावर व्हर्नन म्हणाला. "कळलंय त्याला. पण कळल्याचं दाखवणार नाही. माझी जिरवतोय लेकाचा. ठीक आहे, तो मागेपर्यंत मीही देणार नाही."

एमरीने खुळखुळा कधीच मागितला नाही. दर शनिवारी ते दोघे त्याच्या चेहऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसत आणि ते हसतात म्हणून तोही हसे. त्या हसण्याने माझ्या स्प्रिंगा हलत आणि मला रडू येई.

पानगळीच्या दिवसांत लाकडाचे ओंडके वाहणारा एक ट्रक ब्रेकच्या कामासाठी आला. गॅरेजच्या वरच्या अंगाला उतार आहे, तिथे हॉयटने तो चाकांना लाकडाचे ठोकळे लावून उभा केला होता. शनिवारी दुपारी एमरी आला, माझ्याकडे तोंड करून वाकला आणि फिडलची पेटी माझ्यावर ठेवू लागला. उताराकडे त्याची पाठ होती. वर एक ठोकळा सटकला.

ट्रकचे इंजिन बंद होते. तो सावकाश निघाला, मग त्याने वेग घेतला. हॉयट वरून धावत सुटला.

"एमरी! बाजूला हो! एमरी!"

व्हर्नन रस्त्यापलीकडून ओरडला. दोघांच्या हाका मला स्वच्छ ऐकू आल्या. मित्रांनो, बाजूला व्हायला भरपूर वेळ होता. दोन पावले टाकली असती तरी पुरे होते. एमरीने पेटीची कडी काढली, फिडल उचलले, आत पाहिले आणि खुळखुळा दिसेना तसे ते हळूच हलवून कानाशी नेले. तेवढ्यात ट्रक आला. माझी डावी बाजू भिंतीत चेपली. एमरी जागीच गेला.

"मी हाका मारत होतो," हॉयट येईल त्याला सांगत होता. "तो वळलाच नाही. का नाही वळला तो?"

दफन झाल्यानंतर लोरीन गॅरेजवर आली. तिने दोघांना सगळे सांगितले, या वेळी मोठ्याने. मग व्हर्ननने खिशातून खुळखुळा काढून तळहातावर धरला.

"मला वाटलं तो माझी जिरवतोय," तो म्हणाला. "लोरीन, मी हा दर शनिवारी खिशात घेऊन बसायचो. त्याच्या समोर."

"त्याला ठाऊकच नव्हतं हरवलाय ते," लोरीन म्हणाली.

"सांगायचं होतंस गं," हॉयट म्हणाला. "आम्ही रोज त्याच्या समोर बसलो असतो. मरेपर्यंत बसलो असतो."

"त्याला वाटलं तुम्ही याल, पण वाजवणार नाही."

व्हर्ननने तिच्यापुढे खुळखुळा धरला. तिने घेतला नाही. तेव्हा त्याने तो माझ्या फाटलेल्या रेक्झिनमधून आत, स्प्रिंगांमध्ये सरकवला आणि तो निघून गेला. शनिवारची बैठक पुन्हा बसली नाही. माझ्याकडे बघवेना म्हणून हॉयटने मला गॅरेजच्या मागे ओढून टाकले. पुढे गिरणीही बंद पडली.

आता माझ्यावर कुडझूचा वेल चढला आहे. अंगात उंदरांनी घर केले आहे. उंदीर धावले की आत खसखस वाजते आणि मला एमरीचे कोपर आठवते.

मित्रांनो, मला इथून उचला, पुसा, नवे रेक्झिन घाला, असे मी म्हणणार नाही. माझे आता काही राहिलेले नाही. एवढेच करा. तुमच्याबरोबर रोज हसणारा एखादा मित्र असेल, तर त्याला एकदा पाठीमागून हाक मारून बघा. तो वळला तर काहीतरी थट्टा करून सोडून द्या. नाही वळला तर रागावू नका आणि मुळीच हसू नका. वळसा घालून त्याच्या समोर जा, बसा आणि तुमचे वाद्य घरी ठेवून येऊ नका.