मुक्ताचं लायसन्स

"मग ही मुक्ता कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

 सभागृहातल्या लांब टेबलाच्या एका बाजूला जर्मनीतल्या एका राज्याच्या विधानसभेच्या तक्रार समितीचे आमदार बसले होते. समोर गावातल्या लायसन्स आणि ओळखपत्रांच्या ऑफिसचे प्रमुख. एका टोकाला वासंती आणि तिची मुलगी अन्वी. टेबलावर वासंतीचा पासपोर्ट होता आणि शेजारी सांगलीचं लायसन्स. त्यावर नाव होतं मुक्ता.

"मीच," वासंती म्हणाली.

ते राहायचे त्या बॉबलिंगेन गावाच्या पलीकडच्या टेकड्यांवर लहान लहान गावं आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन वासंती त्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, पायात मोजे चढवायची. एक बस चुकली की पुढच्या घरचा म्हातारा उपाशी बसून राहायचा. तिच्या संस्थेने सांगून टाकलं होतं, नव्या वर्षापासून गाडी चालवणारी माणसंच ठेवणार.

भारतातलं लायसन्स असलं की इथे शिकवणीचे तास न करता थेट लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देता येते. परीक्षेची वासंतीला भीती नव्हती. लग्नाआधी तिने वडिलांच्या जीपमधून द्राक्षांच्या पेट्या तासगावच्या बाजारात पोचवल्या होत्या. पण ऑफिसने अर्जच घेतला नाही. लायसन्स दुसऱ्या बाईचं आहे, असं कळवलं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा भारतीय वकिलातीचा दाखला तिने नेला, तर खिडकीतल्या माणसाने तो तसाच परत सरकवला. दुसरीचं लायसन्स वापरणारी बाई, हे तिला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

विधानसभेकडे तक्रार करायचं अन्वीने काढलं. नागरिक नसलेल्यालाही तो हक्क आहे, हे ती शाळेत शिकली होती. रमेशने, वासंतीच्या नवऱ्याने, आधी नको म्हटलं होतं. परक्या देशात सरकारशी कशाला भांडायचं, असं त्याचं म्हणणं. तक्रार दाखल झाल्यावर मात्र तो कारखान्यातल्या मित्रांना सांगत सुटला, "आमची बायको विधानसभेत चाललीय. आता पोस्टर छापायचं तेवढं बाकी आहे." आज तो अर्धी रजा टाकून मागच्या खुर्चीवर येऊन बसला होता.

ऑफिसच्या प्रमुखांनी आपली बाजू सभ्यपणे मांडली. लग्नानंतर आडनाव बदलतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण माणसाचं पहिलं नाव कसं बदलेल? असं प्रकरण त्यांच्या ऑफिसने पाहिलंच नव्हतं.

वासंतीने जर्मनमध्येच सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. त्या दिवसापासून सासरी तिला त्याच नावाने हाक मारतात. पुढे पासपोर्ट त्याच नावाने निघाला. लायसन्सकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मुदत संपत आली की माहेरी जाऊन ती ते जुन्याच नावावर वाढवून आणायची.

"आणि तुमची संमती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मला विचारलं नव्हतं. तेव्हा कोणालाच विचारत नसत."

अन्वीने झटकन आईकडे पाहिलं. नाव बदललं एवढंच तिला माहीत होतं. मागे रमेश मान खाली घालून बसला होता.

एका आमदाराने हळू आवाजात विचारलं, मग बाईंना स्वतःला कोणतं नाव हवंय?

वासंती म्हणाली, "गाडी मी मुक्ता असताना शिकले. म्हाताऱ्या माणसांची सेवा वासंती होऊन केली. दोन्ही माझीच आहेत. कार्डावर पासपोर्टचं नाव घाला. फक्त ती दुसरी बाई होती, असं म्हणू नका."

अध्यक्षबाईंनी प्रमुखांना विचारलं, वकिलातीचा दाखला तुमच्याकडे कोणी वाचला होता का?  ते म्हणाले, नाही. पळवाट काढली नाही त्यांनी.

जिना उतरताना रमेश तिच्या बाजूने चालत होता. "मी अंगठी धरली, एवढंच," तो म्हणाला. "नाव आईने ठरवलं होतं. तुला विचारायचं सुचलंच नाही गं मला."

"अहो, आता विचारा की," वासंती म्हणाली.

"मग... काय म्हणू?"

"वासंतीच म्हणा. पण हे मी सांगितलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," अन्वी म्हणाली आणि पुढे धावली.

समितीचा निर्णय एकमताने झाला. वासंतीचा अर्ज घ्यायचा, आणि नावावरून खिडकीतूनच परत पाठवलेल्या सगळ्यांना ऑफिसने पुन्हा बोलवायचं. ते प्रत्यक्ष होतंय की नाही, हे बघायला समिती परत येणार होती. प्रमुखांनी वासंतीला स्वतः फोन केला. लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. रस्त्यावरच्या परीक्षेत परीक्षकाने तिला चढावर, गल्लीबोळांत, हायवेवर फिरवलं आणि शेवटी गाडीतच कार्ड हातात ठेवलं.

जानेवारीत ती संस्थेची छोटी पांढरी गाडी घेऊन पहिल्या फेरीला निघाली. उजाडायचं होतं. टेकडीवरच्या गावात एका बिनसिग्नलच्या चौकात उजवीकडून दुधाचा टँकर आला. इथल्या नियमाने आधी जायचा हक्क त्याचा. वासंती थांबली. टँकरवाल्याने जाता जाता हात वर केला, रस्त्यावरचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा. वासंतीनेही स्टिअरिंगवरून हात उचलला. टँकर पुढे गेला, आणि तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.