नव्या बाईंची पिशवी

बाइंडरने ब्राऊन पेपरवर पट्टी टेकवली आणि एका दमात घडी पाडली. रेष सुतासारखी सरळ आली. वीस वर्षं वह्या-पुस्तकांना पुठ्ठे चढवलेल्या हातांना कागदी पिशवी म्हणजे काहीच नव्हतं. डोकं न लावता हात काम उरकत होते, आणि डोकं लावायचं नव्हतं म्हणूनच तो सकाळपासून तिथे बसला होता.

समोर त्याची पाचवीतली मुलगी मार्बल पेपरच्या उरलेल्या तुकड्यांतून पाकळ्या कापत होती. उद्या शाळेचा शेवटचा दिवस. सहा शिक्षक, सहा पिशव्या, प्रत्येकीत एक पेन आणि एक चिठ्ठी. दरवर्षी हे सगळं तिची आई करायची. ती गेली त्याला आता तीन महिने होत आले होते.

"विकत मिळतात की चांगल्या," दारातून त्याची थोरली बहीण म्हणाली. चार दिवस मदतीला म्हणून आलेली ती राहिलीच होती. "अख्खा रविवार यातच घालवलात बापलेकींनी."

"जाऊ दे गं, ताई," तो म्हणाला.

बहिणीने जास्त ताणलं नाही. भाऊ फार धीराचा निघाला, असं ती फोनवर सगळ्यांना सांगे. धीर कसला! त्याला काही होतच नव्हतं. दुपारच्या भाजीत मीठ नाही, हे मुलीने सांगितलं तेव्हा त्याला कळलं, तोवर त्याचं ताट चाटूनपुसून रिकामं झालं होतं.

"बाबा, तुझ्या पिशव्या ऑफिसातल्या वाटतात," मुलगी म्हणाली. "आई जरा तिरकं चिकटवायची."

"तिरकं म्हणजे?"

तिने त्याच्या हातातली पाकळी घेतली, किंचित फिरवून दाबली. "असं. पण मुद्दाम केलंय असं नाही वाटलं पाहिजे."

त्याने पुढची पाकळी तशी लावून पाहिली. उखडली. पुन्हा लावली. बोटांवर खळ वाळत गेली.

दुसऱ्या दिवशी तासभर उशिरा येतो म्हणून मालकाला सांगून तो तिच्याबरोबर शाळेत गेला. पिशव्या वाटून झाल्यावर विज्ञानाच्या बाई मागोमाग बाहेर आल्या. कुणाच्या तरी रजेच्या जागेवर त्या पंधरा दिवसांपूर्वीच रुजू झाल्या होत्या.

"तुमच्या मिसेसच्या हातात कला आहे हो," त्या म्हणाल्या. "ही सांगत होती, आईने काल दिवसभर बसून केल्या. मला माझी पिशवी फार आवडली, त्यांना आठवणीने सांगा."

मुलगी भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागली.

ती आता नाही. हे तीन शब्द त्याने बँकेत सांगितले होते, दवाखान्यात, कार्यालयांच्या खिडक्यांवर सांगितले होते. आवाज एकदाही हलला नव्हता. आत्ताही ते जिभेवर आले.

"सांगतो," तो म्हणाला.

फाटकाबाहेर पडून दोघं रस्त्याला लागली.

"रागावलास?"

"नाही. पण तसं का सांगितलंस?"

"बाकी सगळ्यांना माहितीये, बाबा. मी आले की सगळे हळू बोलतात." तिने दप्तराचा पट्टा सारखा केला. "या बाई आल्या आल्या मला ओरडल्या. वही अपुरी होती ना. आईची सही आण म्हणाल्या. त्यांना एकट्यांनाच माहीत नाही. राहू दे ना."

तो थांबला. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली.

"मग सही?"

"मी केली."

"कशी केलीस, बघू."

त्याने हात पुढे केला. ती जराशी घुटमळली. मग एका हाताने त्याची बोटं धरून तिने तळव्यावर बोटाने सही काढली. त्याला गुदगुल्या झाल्या. त्याने हात मागे घेतला नाही.

"शेवटची रेघ आणखी खाली ओढ," तो म्हणाला. "आई पार खाली न्यायची."