हबसाच्या टेबलावर बारा बशा

मलेशियातल्या पेनांगात पहिल्या दिवशी मी आणि अजो अर्धा तास नुसते बसून राहिलो. अजो म्हणजे माझे यजमान, बुस्तामी. सुमात्रात आमच्या पारियामानला नवऱ्याला अशीच हाक मारतात. त्यांच्या ऑपरेशनसाठी आलो होतो त्या दवाखान्यामागच्या गल्लीत हबसा नावाच्या बाईची खानावळ होती, वर पत्रा, खाली सहा टेबलं. आमच्याकडे खानावळीत बसलं की न मागता सगळे पदार्थ समोर येतात. ज्याला हात लावाल त्याचे पैसे द्यायचे, बाकीचं परत जातं. तसं इथेही येईल म्हणून मी वाट बघत बसले, आणि आमच्यामागून आलेले लोक जेवून ढेकर देत निघाले. माझा पारा चढला.

"आम्ही काय इथे माश्या मारायला आलोय?" मी ओरडले.

"ताई, ताटं तिकडे आहेत," हबसा गल्ल्यावरून म्हणाली. "हवं ते वाढून घ्या. इथे तुमची सून नाही!"

बाईची जीभ तिखट होती, पण मला आवडली. जेवण त्याहून आवडलं. तिचं रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मटण, नको तितकं गोड होतं, ते मी तिला तोंडावर सांगितलं. पण चिंचेतली मासळी अशी, की माझ्या आईनं मान डोलावली असती. आणि स्वस्त! दवाखान्यासमोरच्या काचेच्या हॉटेलात तेवढ्यात नुसता भात आला असता. आता दुसरीकडे जायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

अडचण एकच होती, अजो जेवत नव्हते. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "अंगावर मांस नाही. दहा दिवसांत किलोभर तरी वाढवा, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. आणि ढकलत राहण्यासारखं हे दुखणं नाही." मी म्हटलं, एक किलो ना? चार मुलं नि अकरा नातवंडं पोसलीत मी, ह्या एका माणसाचं काय घेऊन बसलात!

पण अजो ताट घेऊन जायचे आणि एक उकडलेलं अंडं नि मूठभर भात घेऊन यायचे.

"जेवण बरं नाही का?"

"बरंय की."

"मग?"

"भूक नाही."

चार दिवस हेच. लॉजवर चूल पेटवायला बंदी, नाहीतर मीच रांधलं असतं. चौथ्या दिवशी वजन केलं तर काटा उलट अर्धा किलो खाली गेलेला.

पाचव्या दिवशी सकाळी मी एकटीच हबसाकडे गेले. "आज आमच्या पद्धतीनं मांडशील? सगळं टेबलावर, बशीबशीतून. ह्यांना निवडत बसायची सवय नाही. समोर आलं की खातील."

"आणखी काय? पंख्यानं वारा घालू?" हबसा म्हणाली. पण दुपारी आम्ही बसलो तर डाव्या हातावर बशा रचून स्वतः आली, दोन खेपा केल्या आणि बारा बशा मांडल्या. थोडा रस्सा तिच्या बाहीनंही प्यायला.

अजोंची नजर बशांवरून फिरली. फणसाचं कालवण, मासळी, वांगी, रेंदांग. तोंडाला सुटलेलं पाणी त्यांनी गिळलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं. आणि मग त्यांनी अंड्याची बशी पुढे ओढली.

म्हणजे ह्या माणसाला भूक होती!

माझं डोकं सणकलं. मी उजव्या हाताचं बोट फणसाच्या कालवणात बुडवलं. मग मासळीत. मग वांग्यात. बाराच्या बारा बशा झाल्या.

"अगं बये, हे काय चाललंय!" हबसा किंचाळली.

"हात लागला. आता सगळं आमचं," मी म्हणाले. "परत न्यायचं नाही. अजो, अन्न टाकलेलं तुमच्या आईला चाललं असतं का?"

अजोंनी मान खाली घातली. "यार्निस, वजन वाढलं की ते माझी छाती उघडणार," ते हळूच म्हणाले. "त्यातून उठलोच नाही तर? नाही वाढलं तर तू मला घरी नेशील, असं वाटलं."

चार दिवस मी जेवणात नि वाढण्याच्या पद्धतीत कारण शोधत होते, आणि हा माणूस भीतीनं उपाशी राहत होता. मला राग आला आणि तितकीच माया दाटून आली.

"मलाही भीती वाटते," मी म्हणाले. हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. "रात्री तुमचा श्वास मोजत पडते मी. पण असे वाळत जाताना तुम्हाला घरी नेऊन नुसती बघत बसू? ते माझ्यानं होणार नाही. घाबरा, खुशाल घाबरा. पण जेवून घाबरा!"

अजो हसले, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी मासळीत हात घातला. हबसानं न विचारता आणखी भात आणून टाकला. बाराच्या बारा काही त्यांनी संपवल्या नाहीत, सात संपवल्या. उरलेल्यांवर मी ताव मारला.

हात धुवून आल्यावर अजो पहिल्यांदाच हबसाशी बोलले.

"सकाळी किती वाजता उघडता?"

"सहाला. पण मासळी शिजायला सात वाजतात."

"मी सहालाच येतो," अजो म्हणाले. "बसतो वाट बघत."